वरच्या कप्प्यातले दोन अंश

मी एक जुनी पेटी आहे, प्रयोगशाळेतली. माणसाच्या पेशी माझ्या पोटात ऊब देऊन वाढवतात. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून मित्रांनो. एरवी दार धाडकन आपटणाऱ्या तुमच्या जातीशी माझी कसली आलीय मैत्री!

कारखान्यातून आले तेव्हा मी लख्ख होते. सदतीस अंश म्हणजे सदतीस. प्रयोगशाळेचे प्रमुख पाहुण्यांना माझ्यापाशी आणत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. कौतुक करायचा आणि तेलकट बोटांचे ठसे ठेवून जायचा.

पुढे माझ्यात एका सुताराच्या पेशी वाढू लागल्या. त्याच्या घराण्यात मज्जातंतूंचा आजार होता. आजोबांना झाला, वडिलांना झाला, आता त्याला. आधी बोटं बधिर होतात, मग हातातून पटाशी निसटते. त्याने दंडाची चिमूटभर कातडी दिली आणि संशोधक बाईंनी तिच्यापासून मज्जापेशी तयार केल्या. ताण आला की या पेशी कशा कोलमडतात, हे त्यांना शोधायचं होतं.

रोगी पेशींच्या बशा वरच्या कप्प्यात, निरोगी खालच्या, असा प्रमुखांचा दंडक होता. दार उघडताच पाहुण्यांना आजार आधी दिसावा, एवढंच कारण.

मग ऊब सगळीकडे सारखी फिरवणारा माझा आतला पंखा मंदावला. तापमान मोजणारी तार खाली होती, त्यामुळे आकडा सदतीसच दिसायचा. वर मात्र एकोणचाळीस झालं होतं. दुरुस्तीवाल्याने सांगितलंही, "साहेब, पंखा बदलावा लागेल. पेटी दोन आठवडे बंद ठेवा."

"चालतेय ना? मग चालू द्या," प्रमुख म्हणाले.

मी रोज घरघरत होते. कोण ऐकतंय!

वरच्या पेशी सुकू लागल्या. त्यांना ताण शमवणारं औषध दिलं, तेव्हा त्या तगल्या. लगेच प्रमुखांनी जाहीर करून टाकलं, की हा आजार ताणामुळे वाढतो आणि त्यावर औषध सापडलं. सभागृहात टाळ्या पडल्या. औषध सुताराला द्यायचं ठरलं आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीलाही. तिला अजून काहीही झालेलं नव्हतं. औषधाने यकृत बिघडण्याची भीती होती, तरी बापाने होकार दिला.

एकदा खालचा कप्पा धुवायला काढला, म्हणून बाईंनी निरोगी बशा वर ठेवल्या. तीन दिवसांत त्याही सुकल्या. बाईंनी वर थर्मामीटर ठेवला, आकडा वाचला आणि प्रमुखांना बोलावून आणलं.

"सोमवारी औषध सुरू होतंय," प्रमुख म्हणाले. "आता तोंड उघडलंत तर आपल्याच पायावर धोंडा माराल. या शोधाच्या लेखावर तुमचंही नाव आहे."

"पोरगी नऊ वर्षांची आहे, सर. तिला कशासाठी द्यायचं ते औषध? पेटीच्या पंख्यासाठी?"

"मग सांगा, पेटीने फसवलं म्हणून."

ऐकलंत? मी फसवलं! माझा राग अजून शमलेला नाही.

बाईंनी सुताराला माझ्यापाशी बोलावून सगळं सांगितलं. स्वतःची चूकही लपवली नाही; इतक्या दिवसांत बशांची जागा एकदाही बदलून पाहिली नव्हती. तो भडकला.

"पोरीला शब्द दिला होता मी, तुला हे होणार नाही म्हणून. आता घरी जाऊन काय सांगू?"

"औषध अजून सापडलेलं नाही, असं सांगा. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार आहे."

"करा. पण माझ्या पोरीचं नाव तुमच्या औषधाच्या यादीतून खोडा. माझंही."

त्याने माझं दार ओढलं आणि वरच्या कप्प्यात हात घातला. बोटं वाकडी झाली होती. क्षणभर तो हात तसाच राहिला.

"मला गरम की गार, काही कळत नाही," तो म्हणाला. "तुमच्या हाताला तर कळत होतं ना?"

तो निघून गेला. दार त्याने आपटलं नाही.

मला आता जिन्याखाली टाकलंय. तुमची दया मला नको. मित्रांनो, यंत्राची काळजी घेणं म्हणजे फडक्याने पुसणं नव्हे. कुरकुर ऐकू आली, की त्याच दिवशी आत हात घालून बघा. तुमच्या हाताला अजून कळतंय.