पोट, नरडं आणि जीभ

“नळीला नरडं म्हणे. उद्या भात्याला नवरदेव म्हणतील,” चिंतामण पंतोजी लेखणी झाडत पुटपुटले. मी ताक ठेवायला वाकले होते, म्हणून मला ऐकू आलं. पंतोजी बाळापूरहून मुद्दाम बोलावलेले, त्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं.

माझे मालक, भगवंत सुतार, पाण्याच्या चामडी पखालीला लोहाराचा भाता जोडत होते. भात्यानं पखालीत वारा कोंबायचा, खुंटी ओढायची, की बांबूच्या नळीतून मातीची गोळी शंभर पावलं जाते. अकोल्याला अवजारांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं साहेबापुढं मांडायचं, तर एकेका भागाचं नाव कागदावर हवं.

“पखाल नाई, पोट लिवा,” हे म्हणाले. “अन् वारा आत घेते, माघारी जाऊ देत नाई, ते कातडं म्हंजे जीभ.”

“मिस्त्री, साहेब हसेल. झडप लिहितो.”

“शकुननं ठेवलेली नावं हायेत. तीच लिवा.”

शकुन माझी नणंद. विधवा होऊन माहेरी आलेली. माझ्या भाजीला नावं ठेवून झाली, की उरलेली या यंत्राला ठेवायची.

साता समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि इथं कापसाला सोन्याचा भाव आला. गावानं बांधापर्यंत कापूस पेरला. ज्वारी राहिली ती आमच्याच तुकड्यात, म्हणून गावभरचे पोपट आमच्याकडे जेवायला. शकुन चार खांबांवरच्या उंच माचणीवर चढून गोफण फिरवायची. तिला खालूनच पाखरं उडवता यावीत म्हणून यांनी हे यंत्र मांडलं, आणि कापसाच्या गाड्यांची कामं आली तसं अर्धवट कोपऱ्यात टाकलं. कार्तिकात ती माचणीवरून पडली. पाय घसरला, असं गाव म्हणालं. तेराव्याला आलेल्या बायांना मीही तेच सांगितलं.

पंतोजींनी पोट, नरडं, जीभ निमूट लिहून घेतलं. मग विचारलं, “कशासाठी केलं?”

“पाखरं उडवाले.”

“त्याला गोफण आहे की.”

“गोफणीसाठी माचणीवर चढा लागते.”

“मग चढावं. त्यात काय एवढं?”

“पंतोजी, ताक घ्या,” मी म्हटलं.

यांनी खुंटी ओढली. आत गोळी नव्हती, नुसता वारा निघून गेला. पोट हळूहळू बसलं.

“माचणीचा खांब वाळवीनं खाल्ला होता,” हे म्हणाले. “तिनं मले दोनदा सांगतलं. मी लोकायच्या गाड्या करून राहिलो होतो.”