घरातलं माणूस

“उल्का घरातच आहे. आपण कोण बोलताय?” अण्णांनी फोनवर अगदी अदबीनं विचारलं.

सिंगापुरात, यिशुनच्या भाड्याच्या खोलीत उल्का पलंगाच्या कडेला बसली होती. अकरा वर्षं ती दर रविवारी, मिरजेत सकाळचे साडेनऊ वाजले की वडिलांना फोन करत होती. अलीकडे अण्णा तिला कधी आत्याच्या नावानं हाक मारत, कधी आज कॉलेज नाही का म्हणून विचारत. पण तू कोण, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीच उल्का, असं तिनं सांगून पाहिलं, तर अण्णा समजुतीनं हसले. आमची उल्का पोहे करतेय, म्हणाले, आणि ‘उल्काऽ’ अशी हाक मारून त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

तो हात रत्नाबाईंचा होता. अण्णांना सांभाळणाऱ्या आधीच्या नीताबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, म्हणून महिन्यापूर्वी उल्कानं फोनवरच रत्नाबाईंना कामाला ठेवलं होतं. हा काय प्रकार, असं उल्कानं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

“ताई, तुम्हीच कागदात लिवलंय,” रत्नाबाई म्हणाल्या. “सकाळी उठवताना म्हणायचं, अण्णा, मी उल्का, मी हितंच आहे. पयल्यांदा मला बी कसंतरी वाटलं. पण कागदाबाहेर काय करायचं न्हाई म्हणून तुम्हीच बजावलंत.”



उल्का सिंगापुरातच, नोव्हेनातल्या एका कंपनीत सलाइनच्या पंपांची माहितीपुस्तकं लिहायची. पंप छत्तीस तऱ्हांचे, पण मजकूर बहुतेक एकच. मग तो एकदाच लिहायचा आणि पंपाचं नाव येईल तिथं नुसती जागा राखून ठेवायची. या राखीव जागेला व्हेरिएबल म्हणायचं. पुस्तक काढताना एका चौकटीत नाव भरलं की ते सगळ्या पानांवर आपोआप जाऊन बसतं. दुसऱ्यांच्या पुस्तकात भलत्याच पंपाचं नाव राहिलेलं हुडकून काढण्यात उल्काचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

हीच विद्या तिनं घरी चालवली. दोन वर्षांपूर्वी अण्णांचं विसरणं वाढलं, तेव्हा सहा आठवडे रजा घेऊन ती मिरजेला राहिली आणि त्यांच्या दिवसाचं पुस्तक लिहिलं. चहात साखर किती, गोळ्या कोणत्या, चष्मा कुठं सापडतो, घाबरले तर काय बोलायचं, सगळं. सांभाळणाऱ्या बाया बदलत राहणार हे ती जाणून होती. म्हणून बाईच्या नावाच्या जागी तिनं व्हेरिएबल ठेवलं आणि त्याला ‘घरातलं माणूस’ असं नाव दिलं. तेव्हा घरातलं माणूस तीच होती. चौकटीत तिनं स्वतःचंच नाव भरलं, पुढं नीताबाईंचं. या खेपेला जेवणाच्या सुट्टीत घाईघाईनं तिनं अगदी पहिली फाइल उघडली आणि न वाचताच मिरजेच्या झेरॉक्सवाल्याला पाठवून दिली.

आजच्या आज दुरुस्त करते, असं तिनं रत्नाबाईंना सांगितलं.

“करा की,” रत्नाबाई म्हणाल्या, आणि जरा थांबून म्हणाल्या, “पण ताई, आल्या आल्या मी बघितलं, रोज दिवेलागणीला दार धरून उभं राहायचे. पोरगी यायची हाय म्हणायचे. आता न्हाई राहत.”

ते सॉफ्टवेअर आता फक्त ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवर होतं. उल्का एमआरटीच्या लोकलनं नोव्हेनाला गेली. संडे ऑल्सो वर्किंग आ, म्हणून सिक्युरिटीचे अंकल हळहळले. रिकाम्या ऑफिसात एसीसुद्धा बंद होता. तिनं चौकटीतलं आपलं नाव पुसलं, ‘रत्ना’ लिहिलं आणि पानं वाचायला घेतली. त्रेचाळीस ठिकाणी नाव बदललं होतं. ‘अण्णा घाबरले तर हात धरून सांगावे : रत्ना इथेच आहे.’ ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. आपण इतकी वर्षं इथं काय करतोय, असं वाटून तिला रडू कोसळलं. ऑफिसात कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायची गरज पडली नाही.

मग तिनं ‘रत्ना’ पुसलं आणि पुन्हा ‘उल्का’ लिहिलं.

शेवटच्या पानावर एक ओळ होती : ‘रविवारी साडेनऊला उल्काचा फोन येतो.’ इथं तिनं व्हेरिएबल ठेवलंच नव्हतं. हे नाव कधी बदलावं लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ती ओळ तिनं हातानं बदलली : ‘रविवारी साडेनऊला सिंगापूरच्या बाईंचा फोन येतो. अण्णांची इच्छा असेल तर बोलू द्यावे.’

पुढच्या रविवारी फोन अण्णांनीच उचलला. आपण सिंगापूरहून बोलतोय, असं तिनं सांगितलं. बोला बोला, म्हणाले.

“उल्का बरी आहे ना?” तिनं विचारलं.

“बरी आहे की. पोह्यांत मिरची जरा जास्त घालते, पण जीव लावते हो पोरगी.” मग त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. “तुमच्याजवळ कोण असतं तिकडं?”

उल्कानं खोलीभर पाहिलं.

“आहेत माणसं,” ती म्हणाली.

“मग काळजी नाही,” असं म्हणून अण्णांनी रिसीव्हर जपून जागेवर ठेवला.