परतीला किती वेळ

श्रुतिका तेंडोलकर आठ वर्षांत एकही रात्र मुलीपासून लांब झोपली नव्हती. हॉस्पिटलमधल्या रात्री होत्या, पण त्याही मीराच्याच खाटेशेजारच्या. जन्मताना मीराचा श्वास काही मिनिटं अडकला होता आणि मेंदूला इजा झाली होती. आता ती आठ वर्षांची होती. बसायला आधार लागे, मान धरावी लागे, बोलणं नव्हतं. हसू मात्र होतं, आणि ते कुणासाठी आहे हे बघणाऱ्याला लगेच कळे.

बोरिवलीत, बाभईतल्या दोन खोल्यांच्या घरात चौघं राहत होती. श्रुतिका, तिचा नवरा केतन, मीरा आणि केतनची आई वनमाला. केतन मरोळला एका कारखान्यात क्वालिटी बघायचा. सकाळी निघाला की दिवेलागणीला घरी. श्रुतिका आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, मीरानंतर ते सुटलं. मीराला भरवायला दर वेळी पाऊण तास लागे, आणि भरवायची फक्त श्रुतिका. मीरा तीन वर्षांची असताना एकदा वनमालाबाईंच्या हातून घास अडकला होता आणि पोरगी निळी पडली होती. यात कुणाची चूक नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात कुणी कुणाला बोललंही नाही. पण त्या दिवसानंतर वनमालाबाईंनी वाटीला हात लावला नाही, आणि श्रुतिकाने ती कधी त्यांच्या हातात दिली नाही.

आता दुसरं बाळ येणार होतं. फेब्रुवारीत सातवा महिना लागला. तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून प्रवास बंद. कुठे जायचं असेल तर आत्ताच दोन दिवस जाऊन या. दोघंच."

ते 'दोघंच' केतनच्या डोक्यात राहिलं. त्याच संध्याकाळी श्रुतिका मीराला भरवत होती तेव्हा तो मोबाइल घेऊन समोर जमिनीवर बसला.

"महाबळेश्वर?"

"परतीला किती वेळ?"

"सहा तास. ट्रॅफिक नसेल तर."

"नको."

"लोणावळा घे. थंड आहे, जवळ आहे."

"किती?"

"तीन धर."

श्रुतिकाने चमचा हवेतच थांबवला. मीराने एकदा गिळलं होतं, दुसऱ्यांदा गिळायचं बाकी होतं. ते झाल्यावर ती म्हणाली, "नको."

"अलिबाग. हे बघ, झकास रूम आहे, बाहेर झोपाळा आहे."

"आणि बोट चुकली तर?"

केतनने मोबाइल पालथा ठेवला. "तू जागा निवडतच नाहीयेस, श्रुती. फक्त अंतर मोजतेयस."

"हो," ती म्हणाली. "मला तेवढंच मोजता येतं आता."

खिडकीपाशी मेथी निवडत बसलेल्या वनमालाबाईंनी मान वर केली. त्या मालवणीत म्हणाल्या, "जावा रे दोघांय. मी आसंय हय. मानसीक बोलवा, ती उचलतली चेडवाक. काय्येक होवचा नाय."

मानसी म्हणजे केतनची धाकटी बहीण, मुलुंडला राहणारी. श्रुतिकाने सासूकडे पाहिलं नाही. वाटीत अजून किती घास उरलेत ते ती मोजत होती.

दोन दिवसांनी तिने स्वतःहून सांगितलं, "गोराई."

"कुठली गोराई? खाडीपलीकडची?" केतनला हसू आलं. "अगं, रिक्षाने जेट्टी आणि दहा मिनिटं बोट. त्याला फिरायला जाणं म्हणतात का? लोक विचारतील, काय सांगू?"

"मग राहू दे."

तो हसायचा थांबला. "गोराई तर गोराई," म्हणाला. त्याने गावात एका बाईंच्या घरामागची खोली बुक केली. शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ.

मानसी गुरुवारीच आली. श्रुतिकाने तिच्यासाठी वहीत चार पानं लिहून ठेवली होती. औषधाच्या वेळा, फिट आली तर काय करायचं, मान किती वाकवायची, चमचा कुठून न्यायचा, दुसऱ्यांदा गिळेपर्यंत थांबायचं. तिने मानसीच्या हाताखाली स्वतःचा हात धरून तिला भरवायला शिकवलं. मीराने दोनदा घास जिभेने बाहेर ढकलला. तिसऱ्यांदा घेतला.

"जमेल गं वहिनी," मानसी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

शनिवारी निघताना श्रुतिका मीराजवळ वाकली. मीराला उद्या म्हणजे काय हे कळतं का, हे तिला आजवर नक्की ठरवता आलेलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी येते." मीरा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. दाराबाहेर पडल्यावर श्रुतिका एक मजला उतरली, थांबली, आणि केतनने तिच्या हातातली पिशवी घेतल्यावर पुढे चालू लागली.

बोटीत चार-पाच बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत चालल्या होत्या. एकीने श्रुतिकाच्या पोटाकडे बघून सरकून जागा दिली. "पयलं काय?" तिने विचारलं.

"दुसरं," श्रुतिका म्हणाली. "मोठी घरी आहे."

घर फिलोमिना नावाच्या बाईंचं होतं. मागे वांगी-मिरच्यांचे वाफे, विहीर, आणि पलीकडे सुरूची झाडं. खोली स्वच्छ होती. फिलोमिनाबाईंनी चहा दिला, पाय वर घेऊन बसायला स्टूल आणून दिलं आणि जेवण एकला वाढते म्हणून सांगून गेल्या. श्रुतिकाने दहा वाजता फोन केला, अकराला केला, बाराला केला. सगळं ठीक होतं. मीरा झोपून उठली होती, तिला आंघोळ घातली होती.

एकला फोन वाजला तो मानसीचा होता.

"वहिनी, ती तोंडच उघडत नाहीये. अर्धा तास झाला. वहीत लिहिलंय तसंच करतेय मी सगळं."

"रडतेय?"

"नाही. नुसती तोंड मिटून बसलीय."

"मी येते." श्रुतिका उठलीच. चपला घालू लागली.

केतनने तिच्या हातातून फोन घेतला. "मानसी, अर्धा तास थांब, मग परत बघ. नाही जेवली तर पाणी दे." आणि फोन बंद करून बायकोला म्हणाला, "बस."

"तिला भूक लागली असेल रे."

"लागू दे. भूक लागली की खाईल. एक वेळ जेवली नाही तर काही होत नाही."

"तुला काय माहीत? तू भरवलंयस कधी?"

"तू भरवू दिलंयस?"

दोघंही वाफ्यांच्या कडेला उभी होती. फिलोमिनाबाई जेवणाचं विचारायला दारात आल्या, त्यांच्याकडे बघून परत आत गेल्या.

केतनने आवाज खाली आणला. "श्रुती, कधीतरी तिला दुसऱ्या कुणाच्या हातून जेवावंच लागणार आहे. आपण काय जन्मभर पुरणार आहोत?"

"कुणाच्या हातून?"

"कुणाच्याही."

"कुणाच्या, केतन?"

त्याची नजर तिच्या पोटाकडे गेली आणि लगेच वळली. पण तिने ती पाहिली.

ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली. मग म्हणाली, "म्हणून हवं होतं तुला हे बाळ."

केतन तिच्यासमोर खाली बसला, मातीतच. "हो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. गेल्या वर्षी आमच्या कारखान्यातला तो चंद्रप्रकाश वारला ना. बेचाळीस वर्षांचा. त्याच्या घरून आलो त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. उद्या मी गेलो, मग तू गेलीस, आई तर काय आत्ताच थकली. मग हिचं कोण? तिला कुठे ठेवतील, कोण हात लावेल तिला? तिच्या रक्ताचं कुणीतरी पाहिजे असं वाटलं."

"अजून जन्माला नाही आलं आणि त्याला कामाला लावलंस."

"माहीत आहे मला ते कसं दिसतं." त्याने मान वर केली. "तू का तयार झालीस? मी विचारलं तेव्हा तू एका दिवसात हो म्हणालीस. मी म्हटलं, हिलाही तेच वाटत असणार."

श्रुतिकाने हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगायला शब्दही नीट येत नव्हते. "मला कुणीतरी आई म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "बस, एवढंच. आठ वर्षं मी घास देताना तिच्या तोंडाकडे बघत बसते. वाटतं, आज म्हणेल. नाही म्हणणार, मला माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तरी बघते. आणि मग वाटतं, ही समोर असताना मी दुसऱ्या कुणाच्या आवाजाची वाट बघतेय. मला रोज लाज वाटते रे."

केतनने तिच्या पायावर हात ठेवला. पाय सुजले होते. तो हात तसाच राहिला. दोघंही रडली नाहीत. रडून मोकळं व्हायचं ते हे दुखणं नव्हतं.

"एक वचन दे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "या बाळाला कधी म्हणायचं नाही, ताईला तू सांभाळायचंस. थट्टेतही नाही. त्याला वाटलं तर सांभाळेल. पण आपण म्हणायचं नाही."

"मग कोण सांभाळणार?"

"ते आपण शोधायचं. आपण आहोत तोवर."

केतन लगेच हो म्हणाला नाही. "मला जमेल की नाही माहीत नाही," तो म्हणाला. "ती भीती माझ्या डोक्यातून जात नाही. पण तोंडातून निघणार नाही एवढं बघीन."

तिने ते मान्य केलं. त्यापेक्षा मोठं काही तो बोलला असता तर तिचा विश्वास बसला नसता.

दोन वाजून गेल्यावर मानसीचा फोन आला. "जेवली," ती म्हणाली. "वाटीभर पेज, वर केळं कुस्करून."

"कशी काय?"

मानसी जरा घुटमळली. "आईने भरवलं. मी नको म्हणत होते, वहिनी, खरंच. तिने ऐकलं नाही. वाटी घेतली, वही बाजूला सारली आणि बसली."

"ठसका लागला?"

"एकदाही नाही."

"मीराने मला शोधलं का?"

मानसीला खोटं बोलता येत नसे. "सकाळी दाराकडे बघत होती. मग नाही."

"बरं," श्रुतिका म्हणाली आणि फोन ठेवला. केतनला वाटलं, आता हिला बरं वाटेल. तिला बरं वाटलंही. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. आठ वर्षं आपल्यावाचून घर हलत नाही असं तिने धरून ठेवलं होतं, आणि एका दुपारी ती सहज बाजूला झाली होती. ती उठली, विहिरीपासून सुरूच्या झाडांपर्यंत एकटी चालत गेली आणि परत आली.

"जेवायचं का?" तिने विचारलं. "त्या बाई खोळंबल्यात."

जेवणात बांगड्याची आमटी होती. ती दोनदा भात घेऊन जेवली. संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर जाऊन बसली. साडेआठला ती आडवी झाली ती सकाळी सहाला जागी झाली. इतकं सलग झोपून तिचं अंग जड झालं होतं. केतन खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता.

"मध्ये एकदा बघितलं तुझा श्वास चालू आहे ना," तो म्हणाला. त्या दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

रविवारी संध्याकाळी दार मानसीने उघडलं. आत वनमालाबाई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मीरा त्यांच्या मांडीत, पाठ त्यांच्या छातीला लावून, तोंड दाराकडे. वाटी निम्मी झाली होती. श्रुतिकाला पाहताच मीराचं सगळं अंग ताठ झालं, हात वर गेले आणि तो ओळखीचा हसण्याचा आवाज आला. वनमालाबाईंनी घाईघाईने वाटी पुढे केली, चोरी पकडली गेल्यासारखी.

"घे गो. तू भरव."

श्रुतिकाने वाटी घेतली नाही. ती पिशवी ठेवून, पोट सांभाळत, हळूहळू त्यांच्या शेजारी खाली बसली. "तुम्ही भरवा, आई. मान कशी धरता ते मला दाखवा."

वनमालाबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्या सांगू लागल्या, "हिका मागसून घेवक व्हया. छातीर टेकवन. तू समोर बसतंस ना, ती तुझ्याच तोंडाकडे बघीत रवता. गिळूक इसारता."

इतकी वर्षं श्रुतिका मीराच्या तोंडाकडे बघत होती, आणि मीराही तिच्याच तोंडाकडे बघत होती.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"बरीच वर्षां."

"मग सांगितलं का नाहीत?"

वनमालाबाईंनी मीराचे ओठ पदराने पुसले. "माका तोंड खय होता सांगूक," त्या म्हणाल्या.

श्रुतिकाने त्यांच्या खरखरीत मनगटावर हात ठेवला. चमचा पुढे गेला. मीराने गिळलं, थांबली, पुन्हा गिळलं.

मानसी निघायच्या तयारीला लागली. जाताना तिने केतनला एका संस्थेचा नंबर दिला. मुलुंडलाच आहे, मीरासारखी मुलं मोठी झाल्यावर तिथे राहतात, त्यांचेच आईबाप मिळून ती चालवतात, मानसीच्या शेजारणीचा भाऊ तिथे राहतो. केतन नंबर घेऊन स्वयंपाकघरात आला.

"बघून यायचं का? पुढच्या शनिवारी?"

"शनिवारी तपासणी आहे," श्रुतिका म्हणाली. ती मीराची बाटली धूत होती. "बुधवारी जाऊ. तू रजा टाक. आणि मीरालाही न्यायचं, जागा तिने बघायला हवी."