माझ्या नावावर कुंडीची माती

मी बोलतेय, प्रतापनगरातल्या एका बंगलीमागची माती. वीस वर्षं ओरडतेय, पण माझं कोणी खरं मानलं नाही. म्हणे, माती कसली बोलते! मग अंगावर पांढरे क्षार फुटतात ते काय शोभेला?

माझ्या पोटात चुना आहे. दत्ताजीरावांनी बंगली बांधली तेव्हा जुन्या भिंतींचा राडारोडा इथंच गाडला आणि वर गुलाब लावले. पानं पिवळी पडायची, शिरा तेवढ्या हिरव्या.

मला ओळखलं ते माळीणबाईनं, येसूबाईनं. शिकली चौथीपर्यंत. युरिया माझ्यावर भुरभुरला की वास नाकाला झोंबायचा. ती म्हणायची, "खताचं बळ वाऱ्यावर चाललं." मग ती अमोनियम सल्फेट आणू लागली. थोडंथोडं, चार बोटं खोल मिसळायची, लगेच पाणी द्यायची. चुनखडीच्या मातीला तेच मानवतं. गुलाबांनी जीव धरला.

यंदा दत्ताजीरावांचा मुलगा सलील रसायनशास्त्र शिकून घरी आला. माती तपासू म्हणाला. बूट मळतील म्हणून ओसरीवरच्या कुंडीतली माती पिशवीत भरली, ती पोत्यातून विकत आणलेली, आणि वर लिहिलं, 'बाग'. रिपोर्ट आला, माती आंबट, चुना घाला.

आंबट ती कुंडी. मी नव्हे!

येसूबाई आडवी आली. "सलीलभाऊ, हिच्यात चुनाच चुना आहे. ताप चढलेल्याला शेकोटी देता?"

"रिपोर्ट वांचो ने, वाचा की जरा! लॅब खोटी आणि तुम्ही खऱ्या?"

"लॅब खरीच हो. पिशवीत माती कुठली भरली ते सांगा की."

तो तापला. "घालता, की दुसरी बाई बघू?"

पोटासाठी तिनं घातलं. भर एप्रिलात, एकाच दिवशी, चुना आणि वर त्याच्याच सांगण्यावरून ओंजळी-ओंजळी युरिया. मला श्वास घेता येईना. कोवळी मुळं माझ्या कुशीत होरपळली, आणि मी काहीही करू शकले नाही. आठ दिवसांत चाळीस गुलाब वाळले.

"खत घातलं कुणी?" दत्ताजीरावांनी विचारलं. सलील मोबाईलमध्ये बघत राहिला.

"बस हवे, पुरे झालं आता, उद्यापासून येऊ नका," ते तिला म्हणाले. तिनं खुरपं धुऊन पायरीवर ठेवलं आणि गेली.

आता मी उघडी पडलेय. बाबांनो, तपासायचं तर मला चार जागी खणा, मग खत ठरवा. आज नवा माळी आला. बाग कुणी जाळली, म्हणाला. बापलेकांनी एकच नाव सांगितलं, येसूबाई.