नापासबाईंची ट्रायल

शहरातली निम्मी माणसं त्यांना पाठीमागे नापासबाई म्हणत. उरलेली निम्मी पहिल्या झटक्यात पास झाली होती असं मुळीच नाही, ती फक्त जरा जास्त सभ्य होती. बाईंनी जन्मभर परवाना कार्यालयात गाडीच्या ट्रायली घेतल्या. उमेदवाराच्या शेजारी बसायचं, मांडीवर पर्स धरायची आणि समोर बघत गप्प राहायचं, एवढ्यानेच भल्याभल्यांचे पाय क्लचवर लटपटायला लागत. शेवटी ठरलेला निकाल यायचा, "पंधरा दिवसांनी या. सराव करून." समोर डॉक्टर असो, वकील असो, नाहीतर खुद्द साहेबांचा मेव्हणा, त्यात काना-मात्रेचा फरक व्हायचा नाही.

अशा बाईंच्या खुब्याचा सांधा झिजला आणि डॉक्टरांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने सांगितलं की आता गाडी चालवणं बंद. हे डॉक्टर स्वतः दोनदा नापास झालेले. चेहरा गंभीर ठेवताना त्यांना किती कष्ट पडत होते ते बाईंना स्पष्ट दिसलं.

जुनी गाडी विकली गेली आणि बाई जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन पडल्या. जावई माणूस सज्जन, पण गाडीतला आरसा भांग नीट करण्यासाठी असतो अशी त्याची प्रामाणिक समजूत. बाई मागून सूचना करायच्या, तो "हो आई" म्हणायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा. वाचनालयात जायचं तर त्याला सवड हवी. सवड नसली की तोच परस्पर पुस्तकं घेऊन यायचा. म्हातारपण आनंदात कसं घालवावं, श्वास कसा घ्यावा, असली. बाईंना खुनाच्या कादंबऱ्या आवडायच्या, एका पुस्तकात निदान दोन मुडदे तरी हवेत. पण हे जावयाकडे मागायचं म्हणजे पुन्हा मागणंच आलं. बाईंचं खरं दुःख पुस्तकांचं नव्हतंच. दार उघडावं आणि कुणाच्याही बापाला न विचारता चालू पडावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेवढंच सोडून बाकी सगळं लोक हौसेने देत होते.

मग लेकीने मोबिलिटी स्कूटर आणली. चार चाकं, एक खुर्ची, पुढे हँडल आणि हँडलला टोपली. बाईंनी काठी टेकत तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिला लायसन लागतं?"

"नाही गं आई. तेच तर बरं आहे."

"मग हे वाहन नव्हे. फर्निचर आहे."

लेक आईवरच गेलेली होती. तिने किल्ली मुठीत धरली आणि अट घातली. दुकानातून स्कूटरवाला येईल, नीट शिकवेल, मग आईची एक फेरी बघेल. तो हो म्हणाला तर किल्ली आईकडे, नाही म्हणाला तर जावयाच्या कपाटात.

"म्हणजे माझी ट्रायल?" बाईंचा आवाज चढला.

"तूच म्हणायचीस ना, ट्रायल घेतल्याशिवाय सख्ख्या भावालाही रस्त्यावर सोडू नये?"

पोरांना शाळेतलं काही आठवत नाही, आईबापांची वाक्यं मात्र नको तेव्हा तोंडपाठ असतात.

स्कूटरवाला आला, आणि बाईंनी त्याला ओळखलं. चेहरे त्या विसरत, पण स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेले हात विसरत नसत.

"तुम्हाला मी तीनदा नापास केलंय," त्या म्हणाल्या.

"चारदा, मॅडम," तो अदबीने म्हणाला. "पाचव्या वेळी तुम्ही रजेवर होतात."

मग त्याने शिकवायला सुरुवात केली. तीसुद्धा अशी, की जणू त्याचीच ट्रायल चालली आहे. चढता-उतरताना किल्ली बंद ठेवायची. एका वेळी एकच माणूस, नातवंडाला मांडीवर घ्यायचं नाही. पिशवी टोपलीत ठेवायची, हँडलला लटकवली की तोल जातो. फूटपाथवर वेगाचं बटण कासवावर, रस्त्यावर उतरलात तरच सशावर, आणि तेव्हा दिवे लावून. बटणाच्या एका टोकाला खरोखरच कासवाचं चित्र होतं आणि दुसऱ्या टोकाला सशाचं.

"बालवाडीत घातलंय का मला?"

"तसं नाही मॅडम. फूटपाथवर चालणाऱ्याचा हक्क पहिला, म्हणून कासव."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"छे छे, मी आपलं... आणि हा सीटमागचा पिवळा दांडा आहे ना..."

"न्यूट्रल. कळतं मला."

"हो मॅडम, पण तो फक्त..."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, पूर्वी ट्रायलच्या पटांगणात पाहायच्या तसं. त्या नजरेने त्याचं पुढचं वाक्य घशातच राहिलं, आणि तो पुसलेलं हँडल पुन्हा एकदा पुसायला लागला.

ट्रायल सुरू झाली. पुढे बाई, मागे चालत स्कूटरवाला आणि रजा टाकून आलेला जावई. लेक स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. बाईंनी फाटकातून बाहेर पडताना डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हात बाहेर काढून वळत असल्याची खूण केली. फूटपाथवर त्या वेळी एक मांजर तेवढं होतं. कासवाच्या वेगात जाताना काठी टेकत निघालेल्या एका आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि वर हसून मान डोलावली. बाईंनी तो अपमान गिळला. फूटपाथ जिथे उतरता केला होता तिथूनच, अगदी सरळ रेषेत, त्यांनी रस्ता ओलांडला. मागे स्कूटरवाल्याची मान समाधानाने हलत होती. जावयाने त्याला हळूच विचारलं, "जमतंय का?" तो म्हणाला, "मॅडमना काय शिकवायचं!"

पुढे वाचनालयाचा उतार लागला. इथे बाईंचं एक गुपित सांगणं भाग आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं हा त्यांच्या लेखी अक्षम्य गुन्हा. त्या एका चुकीवर त्यांनी किती संसारांच्या सहली लांबवल्या असतील, त्याला गणती नाही. पण स्वतःच्या गाडीत, शेजारी कुणी नसताना, बाईंनी प्रत्येक उतार न्यूट्रलमध्येच उतरला होता. पेट्रोल वाचतं म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि तोही इतकी वर्षं एकदाही न पकडला गेलेला पाषाण.

खाली वाचनालयाचं दार उघडं दिसत होतं. बॅटरी वाचेल, असा विचार मनात आला की नाही कोण जाणे, सवयच ती. बाईंनी काठीची मूठ सीटमागे नेली आणि पिवळा दांडा खटकन ओढला.

"मॅडम, नको!" स्कूटरवाला ओरडला.

या स्कूटरला पायाचा ब्रेक नसतो. हँडलवरची अंगठ्याने दाबायची पट्टी सोडली की मोटरच तिला जागच्या जागी धरून ठेवते. दांडा ओढला की मोटर सुटते, आणि तिच्याबरोबर ब्रेकही सुटतो. घशात राहिलेलं वाक्य ते हेच होतं.

कासव बघता बघता ससा झालं. बाईंनी पट्टी सोडली, काही झालं नाही. पुन्हा दाबून सोडली, काही नाही. दांडा परत लोटायला काठी मागे नेली तर ती हातातून सुटून रस्त्यावर गेली. उजवा पाय आपला आपण ब्रेक शोधायला लागला. तिथे सपाट रबरी पायदान होतं, आणि बाई त्यावर जिवाच्या आकांताने पाय दाबत होत्या. समोर फूटपाथवर एक तरुण बाई बाबागाडी ढकलत चालली होती, पाठमोरी. बाईंना हॉर्न सुचला नाही. खूण सुचली नाही. "बाजूला!" एवढंच तोंडातून निघालं, आणि त्यांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावून हँडल डावीकडे वळवलं.

डावीकडे रोपांच्या दुकानाबाहेर मातीची पोती रचलेली होती. स्कूटर त्यांत घुसली आणि थांबली. वरचं पोतं फुटून बाईंच्या मांडीवर, पर्सवर आणि केसांत आलं.

बाबागाडीवाली धावत आली. ती भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. "आजी, लागलं का हो तुम्हाला?" ती विचारत होती. बाईंनी बाबागाडीत वाकून पाहिलं. बाळ झोपलेलं होतं. बाईंना भीती वाटली होती, आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसून भीती वाटली होती.

जावई आणि स्कूटरवाला धापा टाकत पोहोचले. कुठे लागलं नाही याची खात्री झाल्यावर जावयाने घाम पुसला आणि स्कूटरवाल्याकडे बघितलं. "मग आता? पास की...?"

स्कूटरवाल्याने बाईंकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं. "पास," तो म्हणाला. "चूक माझी आहे. दांड्याचं मी पुरतं सांगितलंच नव्हतं."

किल्ली अजून स्कूटरलाच होती. वाचनालय रस्त्यापलीकडे होतं, दार उघडं, आत कपाटभर खून रांगेने उभे. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"चौथ्या खेपेला मी तुम्हाला कशावरून नापास केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"जाऊ द्या ना मॅडम."

"मी विचारलंय."

तो बुटांकडे बघत म्हणाला, "उतारावर न्यूट्रल."

बाईंनी किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"अहो आई, ते पास म्हणतायत ना!" जावई म्हणाला.

"तुम्ही तर बोलूच नका. तुम्हाला मी अजून आरशातच पास केलेलं नाही." मग त्या स्कूटरवाल्याकडे वळल्या. "पुन्हा कधी यायचं?"

आवाज इतका बारीक निघाला की बाईंना तो आपलाच आहे हे क्षणभर कळलं नाही. हा आवाज त्यांनी हजार तोंडांतून ऐकला होता, पण नीट ऐकला नव्हता. तोवर त्या पुढच्या उमेदवाराला हाक मारत असायच्या.

स्कूटरवाल्याने मान वर केली. "पंधरा दिवसांनी," तो म्हणाला, आणि मग पुढचंही म्हणाला, "सराव करून. रोज संध्याकाळी मी येईन. सपाटीवर."

तो मोकळी स्कूटर ढकलत घराकडे निघाला, दांडा न्यूट्रलमध्ये. दांडा तेवढ्याचसाठी असतो. जावयाने गाडी आणली आणि बाई मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी एकही सूचना केली नाही. त्या शांततेला जावई इतका घाबरला, की निघण्याआधी त्याने आरसा सरळ केला आणि त्यातून खरोखर मागे पाहिलं. आरशात केसांत माती असलेली सासू होती.

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. "वाचनालयातून मला काही आणून द्याल?"

"हो आई. त्या श्वासाच्या पुस्तकाचा दुसरा भाग आलाय..."

"नको. खुनाचं आणा," बाई म्हणाल्या. "चांगलं जाडजूड. पंधरा दिवस काढायचेत मला."