बाहेर जाणाऱ्याचा पास

साखर कारखान्याच्या गेटवर मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झालो आणि पुणतांब्याच्या घरी नुसता शोभेला उरलो. कॉम्प्युटर सुनेचा, मोनिकाचा. ती घरबसल्या पुण्याच्या एका कंपनीसाठी डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करते. त्याला हात लावायचा नाही असा घरात नियम होता, आणि तो मीच एकदा मोडला होता. मित्र छगनच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा होता, म्हणून फुकट बॅनर बनवणारा एक प्रोग्राम मी उतरवून घेतला. छगनच्या डोक्यामागे वाघ बसवला, खाली 'आपला माणूस' लिहिलं. फ्लेक्स चौकात लागला आणि मी प्रोग्राम विसरून गेलो.

गुरुवारी कंपनीचा फोन आला. मोनिकाच्या कॉम्प्युटरवरून काहीतरी परस्पर बाहेर जातंय. सोमवारपर्यंत चांगली फायरवॉल बसवून ते थांबवा, नाहीतर काम बंद. पोरीने तीन वर्षं मान मोडून टिकवलेलं काम! ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला तो बॅनरचा प्रोग्राम आठवला. तरी तोंड उघडलं नाही. भ्यालो, दुसरं काय.

शनिवारी संगमनेरहून पुतण्या तुषार आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "फायरवॉल म्हंजी दारावरचा वॉचमन, नाना," म्हणत त्याने पहिली बसवली. पडद्यावर मोठी हिरवी ढाल आली.

"आता बाहेरून मुंगीबी आत येनार न्हाई."

"आन् आतून बाहेर जानाऱ्याला कोन इचारतं?"

"त्याला कशाला इचारायचं? चोर बाहेरून येतो."

माझं डोकंच फिरलं. "आरं, चोर येताना मोकळ्या हातानं येतो. सापडतो तो जाताना. राखेच्या ट्रॉलीत दडवलेली तांब्याची तार मी कवा धरली? ट्रॉली बाहेर निघाली तवा!"

तुषारने ती काढून दुसरी बसवली. ती मिनिटाला पाच वेळा परवानगी मागू लागली. मोनिका कंटाळून न वाचताच 'हो' दाबायला लागली.

"काढ ही," मी म्हणालो. "सारख्या कोकलनाऱ्या वॉचमनकडं कुनी बघत न्हाई."

तिसरी दिसायला अगदीच साधी. बाहेर निघालेल्या प्रोग्रामला ती पहिल्या वेळी अडवायची, त्याचं नाव आणि कुठे निघालाय ते दाखवायची. एकदा ओळख पटली की पुन्हा त्रास नाही, आणि कोण कधी गेलं याची नोंद ठेवायची. माझं गेटचं रजिस्टरच ते!

"हीच ठेव," मी म्हणालो.

मोनिकाचा टाइपिंगचा प्रोग्राम आला, सोडला. मग आणखी एक चौकट उघडली. बॅनरवाला प्रोग्राम कुठल्यातरी अनोळखी ठिकाणी निघाला होता.

"ह्यो कोन?" तुषार म्हणाला.

गेटवर मी एकदा सख्ख्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर अडवला होता. आता पाळी माझी होती.

"ह्याला मीच आत घेतलं, मोनिका. छगनच्या फ्लेक्ससाठी. गुरुवारीच ध्यानात आलं हुतं, पर सांगाया भ्यालो."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग माऊस माझ्यापुढे सरकवला. "मग अडवा की, नाना. वाट कुनाची बघताय?"

मी 'अडवा' इतक्या जोरात दाबलं, की टेबल हललं. तुषारने तो प्रोग्राम मुळासकट काढला, सगळा कॉम्प्युटर तपासला, पासवर्ड बदलले.

सोमवारी कंपनीने तपासणी केली. परस्पर काहीच बाहेर जात नव्हतं. काम चालू! मोनिका ओरडतच अंगणात आली. मी ट्रंकेतली गेटवरची जुनी शिट्टी काढली आणि गल्ली दणाणून सोडली. इतका आनंद मला निवृत्तीच्या हारतुऱ्यांनीही झाला नव्हता.

संध्याकाळी मोनिकाने एका कागदावर फायरवॉलचा पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला. "आता नवं काय बी बसवायचं तर तुमाला इचारून."

परवा छगन आला. पुढच्या वाढदिवसाला त्याला दोन वाघ हवेत. मी चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि त्याला दारातच उभं केलं.

"आदी पास दाखव," मी म्हणालो.