निर्गुडीचं तेल आणि कोंडिबाचं तोंड

पासलीच्या कोंडिबानं एकदा वेल्ह्याच्या स्टँडवर आपल्या म्हशीची हकिकत सांगायला घेतली. ऐकता ऐकता ड्रायव्हरनं एसटी अशी हाकली की मधले थांबे कुणाला दिसलेच नाहीत. म्हैस व्याली तेव्हा कात्रजचा घाट संपत आला होता. उतारूंपैकी एकानंही तक्रार केली नाही. उलट दोघांनी रेडकाचं नाव विचारलं.

अशा माणसाची बायको ठकुबाई मुरगळलेल्या पायांना औषध द्यायची. ओल्या निर्गुडीच्या पाल्याचं तेल. राजगड उतरताना पाय वाकडा करून घेतलेली पोरं तिच्या ओट्यावर लंगडत यायची आणि जाताना, कोंडिबाच्या म्हणण्याप्रमाणे, जीपच्या पुढं पळायची. औषधाला अट एकच. पाला खुडल्यापासून पट्टीची गाठ मारेपर्यंत औषध करणाऱ्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला की गुण गेला. म्हणून चाळीस वर्षं कोंडिबा पाटी घेऊन तिच्यामागं हिंडला तो ओढ्याच्या अलीकडपर्यंतच, पाल्याला हात लावायची त्याला मनाई.

आणि एका मंगळवारी गोठ्याच्या पायरीवर ठकुबाईचाच पाय मुरगळला. घोटा दुध्याएवढा झाला. तिनं पालीहून धाकट्या भावाला, गेनबाला बोलावून घेतलं. गेनबा दिवसाला तीन शब्द बोलायचा, त्यातले दोन बैलाशी.

"आता माझ्याच्यानं ओढा-डोंगर व्हायचा न्हाई," ठकुबाई खाटेवरून म्हणाली. "ह्यो पाय जो बरा करील, त्याच्या हाती औषध. अवं, पैली पाळी तुमची. एक शब्द बोललात की गेनबाची."

"म्या? म्या काय एवढा बोलतो व्हय? अगं, गेल्या साली केळदच्या..."

"हेच म्हंते म्या."

कोंडिबानं मनात हिशेब मांडला. औषध पालीला गेलं तर लंगडी माणसंही पालीला जाणार. आणि लंगड्या माणसासारखा श्रोता जगात दुसरा नाही. त्याला मधेच उठून जाता येत नाही.

तिन्हीसांजेला त्यानं ओढ्यावर जाऊन निर्गुडीपुढं तांदूळ-सुपारी ठेवली आणि रीतीप्रमाणं झाडाला उद्याचं आवतण दिलं. आवतण एका वाक्यात होतं. कोंडिबाचं तासभर चाललं. झाडाची दोन पानं तिथंच गळली.

सकाळी त्यानं कोवळा पाला खुडला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि तोंड मिटलं. राखणीला गेनबा मागं होताच. वाटेत गावातल्या मानसिंगची जीप थांबली.

"काय काका, पाटीत काय?"

कोंडिबा गप्प.

मानसिंगनं इंजिन बंद केलं, खाली उतरून त्याच्या कपाळाला हात लावला. "काका, म्या मानसिंग. वळखलं का?"

कोंडिबानं मान हलवली. मानसिंगनं गेनबाकडं बघितलं. तोही गप्प, पण त्याचं कुणाला नवल नव्हतं. मानसिंगनं मोबाईल काढला.

दोघं घरी पोचले तेव्हा अंगणात अर्धी पासली जमली होती. कोंडिबाची वाचा बसली, ही बातमी पायांपेक्षा लवकर आली होती. ठकुबाईनं एका शब्दानं खुलासा केला असता, पण परीक्षा म्हणजे परीक्षा. ती पदर तोंडाला लावून बघत राहिली.

कोंडिबा पाट्यावर पाला वाटायला बसला, आणि लोक त्याच्यावर इलाज करायला बसले. शेजारच्या धनाजीनं वेखंड उगाळून मधातून थेट त्याच्या जिभेवर ठेवलं. "तान्ह्या पोराला देत्यात, लगीच बोलाय लागतं," तो म्हणाला. कुणी आल्याचा रस पाजला, कुणी टाळूवर एरंडाचं पान थापलं. वेखंडानं जीभ आतल्या आत थुईथुई नाचायला लागली. न बोललेले शब्द पोटात साचून सदरा इतका ताणला की एक गुंडी तुटून कोंबडीला लागली.

तरी त्यानं फडक्यातून हिरवागार रस पिळला आणि कढईतल्या तिळाच्या तेलात सोडला. तेल चुरचुरायला लागलं. तेव्हा कुठं त्याला अट उमगली. रसातलं पाणी आटेपर्यंत तेल बोलतं. ते बोलायचं थांबलं की त्याच घडीला कढई उतरवायची. आधी उतरवली तर तेल नासतं, नंतर उतरवली तर करपतं. चुलीपाशी कान लावून बसायचं असतं. हे चाळीस वर्षांत त्याला कळलं नव्हतं, कारण चुलीपाशी चाळीस वर्षं तोच बोलत होता.

पण आता अंगणात बाजार भरलेला. भोरला न्या, पुण्याला न्या, देवऋषी आणा. तेल काय म्हणतंय ते ऐकूच येईना. कोंडिबानं उलथनं हलवून गप्प राहायची खूण केली.

"झटका आला," धनाजी म्हणाला. "कांदा हुंगवा त्याला."

कोंडिबाचे ओठ उघडले. अर्धा शब्द दातांपर्यंत आला.

"गप बसा की रं समदी," कुणीतरी म्हणालं.

गेनबा बोलला होता. पाच शब्द, आणि तेही माणसांशी. अंगण जागच्या जागी थिजलं. गुंडी लागलेली कोंबडीसुद्धा एका पायावर उभी राहिली. त्या शांततेत चुर... चुर... चु... आणि मग काहीच नाही. कोंडिबानं कढई उतरवली.

कोमट तेल घोट्यावर चोळलं, पाल्याचा चोथा तव्यावर गरम करून वर थापला, एरंडाचं पान लावून पट्टी बांधली. गाठ बसली.

"बोला आता," ठकुबाई म्हणाली.

"दुखतंय का गं?" कोंडिबानं विचारलं. एवढं आखूड तो जन्मात बोलला नव्हता.

ठकुबाईनं पाय टेकला, गोठ्यापर्यंत जाऊन आली. "औषध तुमचं," ती म्हणाली. मग भावाकडं वळली. "तू रं कशापायी बोललास? आपसूक तुझ्याकडं आलं असतं."

"तेल करपलं असतं, आक्का."

संध्याकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. "...आन् मानसिंगाच्या जीपच्या टपावर," कोंडिबा सांगत होता, "ह्यो एवढा वाघ बसल्याला. पर म्या तोंड उघडलं न्हाई."

"वाघ न्हवता, दाजी," कोपऱ्यातून गेनबा म्हणाला.

सगळ्या माना वळल्या.

"वाघीण हुती. दोन पिल्लं बी हुती, हँडलाशी खेळत."

आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा कोंडिबा गप्प बसला.